ओहोटी बघून तारीख धरा: कोकण किनाऱ्यावर निसर्गव्याख्यान आणि फेरी कशी भरवावी

गावातलं वाचनालय, शाळा किंवा निसर्गमंडळ किनाऱ्यावर फेरी काढायची ठरवतं, तेव्हा पहिला प्रश्न असतो तो सभागृह कधी मोकळं आहे हा. मग पाहुण्यांची सवड, मग कुठला रविवार. या क्रमाने तारीख ठरली की लोक किनाऱ्यावर पोचतात तेव्हा बहुतेक वेळा खडक पाण्याखाली असतात. मार्गदर्शक वाळूवर उभा राहून तासभर बोलतो, मुलं लाटांत खेळतात आणि सगळे घरी जातात. म्हणून आधी ओहोटी पाहावी, तिला जुळणारा सुट्टीचा दिवस शोधावा आणि सभागृह व पाहुणे सगळ्यात शेवटी विचारावेत. या लेखातली उदाहरणं रत्नागिरीच्या आसपासची आहेत. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत थोडा फरक करून तीच चालतील.

तिथीची पाऊणपट

कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला भरतीची वेळ काढायला कागद लागत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीला साडेसात. शुक्ल आणि कृष्ण पक्षाला हिशेब तोच, कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. भरतीनंतर सुमारे सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी येते. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण वर्षाच्या कार्यक्रमाचा कच्चा आराखडा करायला उत्तम आहे.

वेळ जुळली तरी पाणी किती उतरतं हे वेगळं पाहावं लागतं. अष्टमीच्या आसपास भांग असते. भरतीही छोटी, ओहोटीही छोटी, आणि खालचे खडक उघडे पडतच नाहीत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि त्याचा जोर पुढचे एक-दोन दिवस टिकतो, कधी कधी तेव्हाच तो जास्त असतो. पण नेमक्या पौर्णिमेला किंवा अमावास्येला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या त्या वेळी अंधार असतो, आणि संध्याकाळच्या फेरीत परतताना काळोख गाठतो. म्हणून सगळ्यात सोयीची तिथी तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास. सात वाजता खडकावर उतरायचं आणि साडेआठला मागे फिरायचं. द्वितीयाही चालते, पण लोकांना अर्धा-पाऊण तास लवकर यावं लागतं. संध्याकाळचीच फेरी हवी असेल तर त्रयोदशी किंवा चतुर्दशी घ्यावी. चतुर्दशीला ओहोटी पावणेपाचच्या सुमारास येते, आणि सव्वापाचपर्यंत सगळे वाळूवर परत येऊ शकतात.

कच्ची तारीख निघाली की भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ती ताडून पाहावी. कोष्टकात वेळेसोबत पाण्याची उंची मीटरमध्ये असते. नवशिके फक्त वेळ बघतात आणि इथेच फसतात. ओहोटीची उंची ०.५ मीटरच्या आत असेल तर दिवस चांगला. एक मीटरच्या पुढे असेल तर वेळ कितीही सोयीची असो, तो दिवस सोडावा. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, म्हणून दोन्ही आकडे वाचावेत. कोष्टक आपल्या जवळच्या बंदराचं हवं. मुंबईला उधाणात भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. दक्षिणेकडे सरकावं तसा तो कमी होत जातो आणि गोव्यात जवळपास निम्म्यावर येतो. मुंबईचं कोष्टक घेऊन मालवणात फेरी ठरवली तर वेळही चुकते आणि अपेक्षाही.

फेऱ्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मे. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर फेरी नेऊच नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीही बंद असते. खवळलेल्या समुद्रात ओहोटीचा हिशेब कागदावरच राहतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत खडकांवर शेवाळ भरगच्च असतं आणि उन्हाचा त्रास नसतो, त्यामुळे लहान मुलांची फेरी त्याच दिवसांत घ्यावी. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर खडक तापतात.

शुक्ल तृतीयेचा आणखी एक फायदा आहे. चंद्रकोर सूर्यास्तानंतर दोनेक तासांत मावळते. मुक्कामाचा कार्यक्रम असेल तर रात्री अंधाऱ्या आकाशात तारे बघायचे आणि सकाळी ओहोटीला उतरायचं, असं दोन्ही जमतं. कृष्ण तृतीयेला हे होत नाही, कारण चंद्र रात्री लवकरच उगवतो आणि आकाश उजळून टाकतो.

पंधरा दिवस आधीची पाहणी

जागा निवडताना वाळूचा लांब किनारा नको, खडकाळ भाग हवा. वाळूचा किनाराही रिकामा नसतो, पण तिथलं जीवन वाळूच्या खाली असतं आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते दाखवणं अवघड जातं. उतार हळू असलेला, मध्ये पाण्याची डबकी साठणारा खडक सगळ्यात चांगला. उभे कडे आणि घळी टाळाव्यात. हेदवीची बामणघळ बघण्यासारखी आहे, पण ती बघायची भरतीला आणि कडेपासून लांब उभं राहून. तिथे फेरी नेऊ नये.

पाहणी कार्यक्रमाच्या बरोबर पंधरा दिवस आधी करावी. उधाण-भांगेचं चक्र साधारण पावणेपंधरा दिवसांचं असतं. त्यामुळे कृष्ण तृतीयेला पाहणी केली तर शुक्ल तृतीयेला ओहोटी जवळपास त्याच वेळी येते, आणि पाणी कुठपर्यंत उतरतं तेही डोळ्यांनी पाहून ठेवता येतं. पाहणीत चार गोष्टी नक्की कराव्यात. उतरायची आणि चढायची वाट, तीही दोन, कारण एक वाट भरतीत बंद होऊ शकते. निसरड्या हिरव्या शेवाळाचे पट्टे. मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा. आणि एक खुणेचा दगड. हा दगड वाटेवरच्या सगळ्यात सखल जागेजवळचा असावा. त्याला पाणी टेकलं की फेरी जिथे असेल तिथून मागे फिरायचं.

खुणेचा दगड का लागतो हे भरतीच्या चालीत आहे. पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. समजा एकूण फरक २.४ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी २० सेंटिमीटर चढतं, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ६०. पहिल्या तासात काहीच झालं नाही असं वाटतं, लोक निवांत होतात, आणि नंतर घोट्याएवढं पाणी बघता बघता गुडघ्यावर येतं. म्हणून पूर्ण ओहोटीची वेळ हीच परतायची वेळ. ‘ओहोटी साडेआठला आहे, तर साडेआठला जमू’ ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं आणि मागे हटणाऱ्या पाण्याच्या पाठीमागून खाली जायचं.

ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी आणि सागरी पोलीस ठाण्याला आठ दिवस आधी लेखी कळवावं. पत्रात तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा नंबर असावा. खाडीतल्या तिवरांमध्ये जायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी ते राखीव वन असतं. तिथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधीच घ्यावी लागते.

व्याख्यान: आदल्या संध्याकाळी, चाळीस मिनिटं

व्याख्यान आणि फेरी एकमेकांना जोडून असली की दोन्हींना अर्थ येतो. आदल्या संध्याकाळी जे चित्रात पाहिलं ते सकाळी खडकावर सापडलं, की माणूस ते विसरत नाही. व्याख्यान चाळीस मिनिटं आणि प्रश्नांना वीस मिनिटं. एका तासाच्या पुढे जाऊ नये, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पहाटे उठायचं असतं. चित्रं तीसच्या आत ठेवावीत. उद्या दिसण्याची शक्यता असलेले दहाच जीव निवडावेत आणि प्रत्येकाबद्दल एकच गोष्ट सांगावी: तो खातो काय, चिकटतो कसा, पाणी गेल्यावर जिवंत कसा राहतो. पन्नास नावांची यादी वाचून दाखवणारं व्याख्यान कुणाच्याच लक्षात राहत नाही.

वक्ता शोधायला फार लांब जावं लागत नाही. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञानप्रसार करते आहे आणि तिचे विभाग गावोगावी आहेत. पण एक वक्ता गावातला असावाच. कालवं फोडणारी, तिसऱ्या आणि मुळे ही शिंपली काढणारी बाई त्या खडकाला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त ओळखते. तिला ‘अनुभव सांगा’ म्हणून शेवटी पाच मिनिटं देऊ नयेत. पंधरा मिनिटं पूर्ण द्यावीत आणि शहरातून आलेल्या वक्त्याइतकंच मानधन तिलाही द्यावं. तिने सांगितलेली नावं फळ्यावर लिहावीत: शिनाणे, कुर्ली, निवटी. दहा किलोमीटरवर तीच नावं बदलतात आणि प्रश्नोत्तरांत यावरच सगळ्यात चांगली चर्चा होते.

सामानाची तपासणी दुपारीच करावी. प्रोजेक्टर, त्याची केबल, लॅपटॉपला ती केबल लागते का, दहा मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड, चित्रांची प्रत पेन ड्राइव्हवर. वीज गेली तर काय, हे ठरलेलं असावं. इन्व्हर्टर नसेल तर मोठ्या छापलेल्या आठ-दहा चित्रांवरही व्याख्यान उत्तम होतं. रिकामे शंख, सुकलेलं शेवाळ, कालवांची शिंपली असं टेबलावर मांडलं तर मुलं पुढे येऊन बसतात.

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन किंवा ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह गाठून कार्यक्रम घेतला तर शाळांचा प्रतिसाद चांगला मिळतो. मात्र त्या दिवशी ओहोटी जुळत नसेल तर फक्त व्याख्यान ठेवावं आणि फेरी पुढच्या तृतीयेला न्यावी. पक्षी सप्ताहात बंदरावर कुरव पक्षी बघायला जाता येतं. मासळी उतरते तिथे ते जमतात आणि त्याला तिथी लागत नाही.

माणसं किती आणि कुणाकडे काय काम

एका मार्गदर्शकामागे बारा ते पंधरा माणसं. एकूण तीसच्या वर नको. डबकं असतं परातीएवढं. चाळीस माणसं भोवती उभी राहिली तर मागच्या पंचवीस जणांना काही दिसत नाही, आणि पायाखाली जे चिरडतं ते वेगळंच. नावनोंदणी आधी घ्यावी. पंचेचाळीस नावं आली तर दोन तृतीयांना दोन फेऱ्या कराव्यात, गर्दी करू नये. आठ वर्षांच्या आतल्या मुलासोबत घरचं मोठं माणूस हवं.

मार्गदर्शकाशिवाय आणखी दोन माणसं लागतात आणि त्यांची कामं वेगळी असतात. एक शेवटचा माणूस, ज्याच्या मागे कुणी राहायचं नाही. दुसरा पाण्यावर लक्ष ठेवणारा. त्याने जीव बघायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत, फक्त समुद्र आणि खुणेचा दगड बघायचा आणि वेळ झाली की शिट्टी वाजवायची. हे काम गावातल्या मच्छीमाराला द्यावं. मार्गदर्शक कितीही अनुभवी असला तरी खाली वाकून समुद्रफूल (खडकाला चिकटलेला, फुलासारखा दिसणारा प्राणी) दाखवताना त्याला लाट दिसत नाही. डोकी तीनदा मोजावीत: उतरताना, मध्यावर आणि वर आल्यावर.

आदल्या दिवशी सगळ्यांना एकच छोटा निरोप पाठवावा. जमायची वेळ पावणेसात, सात वाजता निघणार, थांबणार नाही. पायात पट्ट्याची सँडल किंवा जुने बूट. चप्पल चालणार नाही, ती शेवाळावर सरकते आणि कालवांची धार तळव्यात खोल जाते. टोपी, पाणी, गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी पँट. उशिरा आलेल्याला खडकावर एकटं येऊ देऊ नये, त्याने वाळूवर थांबावं. पहिल्या फेरीत हे कठोर वाटतं, दुसऱ्या फेरीला सगळे वेळेवर येतात.

खडकावर

वाळूवरची सूचना पाच मिनिटांत संपवावी. पाय उघड्या खडकावर किंवा वाळूवर ठेवायचा, जिवंत काही दिसेल तिथे नाही. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालचा भाग उन्हात उघडा राहिला तर तिथले जीव तासाभरात मरतात. रिकामा शंखही न्यायचा नाही. संन्यासी खेकड्याच्या मऊ पोटावर कठीण कवच नसतं, तो असल्याच शंखात राहतो. प्रवाळ तर कायद्यानेच संरक्षित आहे.

मग वरून खाली जावं आणि लोकांना पट्टे दाखवावेत, कारण किनारा समजून घ्यायची किल्ली तीच आहे. सगळ्यात वर, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं, तिथे बारीक गोगलगाई फटींत दाटीने बसलेल्या असतात. त्याखाली बार्नॅकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांचा खरखरीत पांढरट थर आणि कालवं. आणखी खाली शेवाळ, समुद्रफुलं, खेकडे, डबक्यांतले छोटे मासे. वरच्या जिवांची अडचण ऊन आणि कोरड, खालच्यांची अडचण जागा आणि शत्रू. हे एकदा कळलं की लोक स्वतःच शोधायला लागतात.

मुलांसाठी पीव्हीसी पाइपचा ५० सेंटिमीटरचा चौकोन करून न्यावा. वरून खाली पाच ठिकाणी तो खडकावर ठेवायचा आणि आतल्या गोगलगाई मोजून वहीत लिहायच्या. पाच आकडे समोर आले की कुठल्या पट्ट्यात काय वाढतं हे मुलं आपणहून सांगतात. जीव हातात घेऊन फिरवू नये. दाखवायचाच असेल तर पांढऱ्या ट्रेमध्ये त्याच डबक्याचं पाणी घ्यावं, दोन मिनिटं सावलीत ठेवावं आणि त्याच डबक्यात परत सोडावं.

काही गोष्टींना अजिबात हात लावू देऊ नये. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख दिसायला सुंदर असतो, पण आत जिवंत गोगलगाय असेल तर तिचा डंख माणसाला मारू शकतो. खडकावर बटणांच्या गादीसारखे पसरलेले झोअँथिड नावाचे समुद्रफुलांसारखे जीव असतात. त्यांच्या काही जातींत तीव्र विष असतं, म्हणून तिथे हात लावायचा नाही आणि तो हात डोळ्याला तर नाहीच नाही. गढूळ पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नये, घासत न्यावा. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, असेल तर तो बाजूला होतो.

जखम झाली तर

सगळ्यात जास्त होणारी जखम कालवाच्या धारेची. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, दाबून रक्त थांबवावं, आणि खोल असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, कारण समुद्राच्या पाण्यातले जंतू जखम चिघळवतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल तेव्हाच विचारावं.

दोन लिटरच्या थर्मासमध्ये गरम पाणी न्यावं. फार थोडे आयोजक ते नेतात. पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, पाय अर्धा ते दीड तास ठेवला की वेदना उतरते. पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्याने आपल्या हातावर बघावं, दुखणाऱ्या माणसाला भाजलेलं कळत नाही. काटा आत मोडला असेल तर उपटू नये. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवावं, चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत, वाळूने चोळू नये. शंकू शंखाचा डंख वाटला तर अवयव हलू न देता घट्ट पट्टी बांधून सरळ रुग्णालय गाठावं. श्वास लागला, चक्कर आली तर कसलाही प्रयोग न करता १०८ ला फोन. सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठलं आणि गाडी कुणाची, हे आदल्या दिवशी कागदावर लिहिलेलं असावं.

पावसाळ्यात सडा

समुद्र बंद म्हणून कार्यक्रम बंद करू नये. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जांभ्याचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची सपाट पठारं, फुललेले असतात. सीतेची आसवे, गेंद, ओलसर कातळावर किडे पकडणारा दवबिंदू. इथे मोठा धोका आपल्याच पायांचा. कातळावरची माती बोटभर जाडीची असते आणि सगळी फुलं तिच्यावरच उभी असतात, म्हणून एका रांगेत उघड्या कातळावरून चालावं आणि गट पंधराचाच ठेवावा. जवळ कातळशिल्पं असतील तर कार्यक्रमाला इतिहासाचाही जाणकार जोडावा. शिल्पांच्या रेषांवर उभं राहू नये आणि फोटोसाठी त्यांत खडू किंवा रंग भरू नये. विजा चमकायला लागल्या की सड्यावरून लगेच खाली उतरावं, तिथे सगळ्यात उंच वस्तू माणूसच असतो.

नोंदी

वर आल्यावर चहा-पोहे देण्याआधी पंधरा मिनिटं नोंदींना द्यावीत. नाश्ता आधी दिला की कुणी लिहीत नाही. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ आणि कोष्टकातली उंची, हवा, दिसलेले जीव, चौकोनातले आकडे आणि स्थानिक नावं. फोटोत मापासाठी शेजारी नाणं ठेवलेलं असावं. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात, मात्र गोळा करून विकला जाणारा एखादा दुर्मीळ शंख दिसला तर त्याची नेमकी जागा लपवावी. वहीची एक प्रत वाचनालयात आणि एक शाळेत ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच महिन्यातल्या तृतीयेला त्याच पाच जागांवर चौकोन पुन्हा ठेवायचा असतो, म्हणून त्या जागांची खूण आणि खुणेच्या दगडाचा फोटो वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवावा.